पाच क्लास, एक मेथड, एकच वागणूक: आरएक्सजावातल्या फ्रॉमकॉलेबलची दुरुस्ती, पायरीपायरीने

आरएक्सजावा (RxJava) ही जावातली असिंक्रोनस कामांसाठीची लायब्ररी. ती वापरणाऱ्या अँड्रॉइड ॲपमधली एक मेथड आज कम्प्लीटेबल (काम संपलं की फसलं एवढंच कळवणारा क्लास) परत करते. उद्या सर्व्हरचं उत्तरही हवं म्हणून कोणीतरी तिचं ऑब्झर्व्हेबल (मूल्यंही देणारा क्लास) करतं. आतलं काम तेच, शेड्युलर (काम कोणत्या थ्रेडवर चालेल ते ठरवणारा) तोच, स्क्रीन बंद होताना डिस्पोज करण्याची, म्हणजे "निकाल आता नको" असं सांगण्याची, जागाही तीच. तरीही नेटवर्क कॉल चालू असताना वापरणारा मागे गेला की ॲप कोसळू लागतं. कोड लिहिणाऱ्याच्या हातून काही चुकलेलं नसतं. डिस्पोज झाल्यानंतर आलेला एक्सेप्शन एक क्लास गुपचूप गिळत होता आणि दुसरा तो वर कळवतो, एवढाच फरक असतो. लायब्ररीचा दोष वापरणाऱ्याच्या माथी येतो तो असा.

आरएक्सजावाच्या दुसऱ्या मालिकेत (२०१६) पाच पायाभूत क्लास आहेत: फ्लोएबल (अनेक मूल्यं, मागणीनुसार), ऑब्झर्व्हेबल (अनेक मूल्यं), सिंगल (नेमकं एक मूल्य), मेबी (एक किंवा काहीच नाही) आणि कम्प्लीटेबल (मूल्य नाही, फक्त शेवट). एकाच नावाची मेथड पाचही ठिकाणी असते, पण प्रत्येकीमागे स्वतंत्र फाइल आणि स्वतंत्र कोड असतो. बहुतेकदा तो वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या हातांनी लिहिलेला असतो. इथे फ्रॉमकॉलेबल ही मेथड घेऊन तिची वागणूक पाचही क्लासमध्ये एकसारखी कशी करायची ते पाहू. मेथड दिसायला क्षुल्लक आहे: एक फंक्शन द्या, सबस्क्राइब झालं (कोणी निकाल ऐकू लागलं) की ते चालवू, जे येईल ते पुढे देऊ. खाचखळगे मात्र तिच्यात सगळे आहेत.

पायरी १: "सारखं" म्हणजे काय ते कागदावर मांडा

घाईत केलं जाणारं काम म्हणजे एका क्लासचा कोड उचलून उरलेल्या चारांत चिकटवणं. तसं करू नका. कोड सारखा असण्याची गरज नाही, करार सारखा हवा. आणि प्रत्येक क्लासचं वचनच वेगळं असल्यामुळे काही ठिकाणी वागणूक वेगळी असणं हेच बरोबर असतं.

एका कागदावर पाच रकाने आखा आणि डावीकडे हे प्रश्न लिहा. ऑपरेटर (इथे फ्रॉमकॉलेबलने बनलेला स्रोत) नुसता बनवला, सबस्क्राइब केलं नाही, तर फंक्शन चालतं का? दोनदा सबस्क्राइब केलं तर ते किती वेळा चालतं? ऑनसबस्क्राइबमध्येच (ऐकणाऱ्याला मिळणाऱ्या पहिल्या सिग्नलमध्येच) डिस्पोज केलं तर चालतं का? फंक्शन चालू असताना डिस्पोज झालं आणि मग मूल्य आलं, तर त्या मूल्याचं काय होतं? तसंच डिस्पोज झालं आणि मग एक्सेप्शन आला, तर त्याचं काय? फंक्शनने नल दिलं तर? एक्सेप्शन घातक प्रकारचा असेल तर?

यातल्या एका प्रश्नाचं उत्तर सोडून बाकी सगळ्या ओळी पाचही रकान्यांत तंतोतंत सारख्या हव्यात. बनवताना शून्य वेळा, प्रत्येक सबस्क्रिप्शनला एकदा. आधीच डिस्पोज असेल तर शून्य वेळा. उशिरा आलेलं मूल्य टाकून द्यायचं. उशिरा आलेला एक्सेप्शन आरएक्सजावाप्लगिन्सच्या ऑनएररकडे (ऐकणाऱ्याकडे न पोचलेल्या एररसाठीची लायब्ररीची सामायिक जागा, पुढे नुसतं "प्लगिन") द्यायचा. घातक एक्सेप्शन होता तसा बाहेर फेकायचा.

वेगळी ओळ नलची. फ्लोएबल, ऑब्झर्व्हेबल आणि सिंगल यांच्यात नल म्हणजे चूक, म्हणून ऑनएररमधून नलपॉइंटरएक्सेप्शन जायला हवा. मेबीमध्ये "काहीच नाही" हे वैध उत्तर आहे, म्हणून नल म्हणजे नुसतं ऑनकम्प्लीट. कम्प्लीटेबल परत आलेल्या मूल्याकडे बघतच नाही, म्हणून तिथेही ऑनकम्प्लीट. ही ओळ पाहून "इथे तर विसंगती आहे" म्हणत मेबीतही नलवर एरर देणारा पॅच कोणी आणला तर तो नाकारा. मेबी आहे तेच त्यासाठी.

पायरी २: आज काय होतं ते वाचून काढा

इंटर्नल पॅकेजमधल्या ऑपरेटर्सच्या आत प्रत्येक क्लासचं उपपॅकेज आहे. पाचही फाइली शेजारीशेजारी उघडा. पहिली नजर एकाच गोष्टीवर ठेवा: ऑनसबस्क्राइबला कोणता डिस्पोजेबल (ऐकणाऱ्याच्या हाती दिलेली रद्द करण्याची कळ) दिला आहे?

दुसऱ्या मालिकेच्या सुरुवातीच्या काळात सिंगलच्या फ्रॉमकॉलेबलने तिथे एम्प्टीडिस्पोजेबलचा इन्स्टन्स नावाचा ठोकळा दिला होता. तो डिस्पोज करून काहीच होत नाही. म्हणजे खालच्या (ऐकणाऱ्या) बाजूने "नको" म्हटलं तरी वरच्याला (स्रोताला) ऐकू येण्याची सोयच नव्हती, आणि फंक्शन चालायचंच. शेजारी कम्प्लीटेबलमध्ये मात्र खरा डिस्पोजेबल होता, तपासणीही होती, पण तपासणीचा अर्थ "डिस्पोज असेल तर एरर सोडून दे" असा होता. ऑब्झर्व्हेबल तीच एरर वर कळवायचं. एकाच नावाच्या मेथडला तीन स्वभाव लागले ते असे.

इथे एक सापळा आहे. एम्प्टीडिस्पोजेबलच्या या इन्स्टन्सला "तू डिस्पोज झालास का" विचारलं तर उत्तर कायम "हो" येतं. तो ठोकळा तसाच ठेवून फक्त तपासणीची ओळ घातली, तर सिंगल कधीच काही देणार नाही, एररही नाही. वापरणारा वाट पाहत बसेल. आधी डिस्पोजेबल बदला, मगच तपासणी घाला.

वाचताना कागदावरचे रकाने आजच्या वागणुकीने भरा आणि जिथे करार मोडतो तिथे खूण करा. अंदाजाने काही भरू नका. कोड वाचून खात्री होत नसेल तर पुढच्या पायरीतली टेस्ट लिहा, तीच सांगेल.

पायरी ३: दुरुस्तीआधी टेस्ट, आणि पाचांसाठी एकच साचा

टेस्ट आधी लिहायच्या आणि त्या पडलेल्या डोळ्यांनी पाहायच्या. प्रत्येक क्लाससाठी त्याच क्रमाने, त्याच नावांनी लिहा, म्हणजे एखादी राहिली तर ती यादीत लगेच दिसते.

फंक्शन किती वेळा चाललं हे मोजायला ॲटॉमिकइंटिजर पुरतो. आधीच डिस्पोज केलेल्या सबस्क्रिप्शनसाठी टेस्ट मेथडला "ट्रू" द्या (फ्लोएबलवर त्याआधी मागणीचा आकडाही, आणि तिथे टेस्टऑब्झर्व्हरऐवजी टेस्टसबस्क्रायबर). मग टेस्टऑब्झर्व्हर (टेस्टसाठीचा, आलेलं सगळं नोंदवणारा ऐकणारा) आधी डिस्पोज होतो आणि त्यानंतर सबस्क्राइब करतो. मोजणी शून्य आली पाहिजे. सुरुवातीच्या सिंगलवर ही टेस्ट एक दाखवते.

फंक्शन चालू असतानाच्या डिस्पोजची टेस्ट लिहिताना बहुतेकांचा हात दोन थ्रेड आणि काउंटडाउनलॅचकडे जातो. त्यात घोटाळा होतो. आयओ शेड्युलरवर चालणारं काम डिस्पोज केलं की त्याच्या थ्रेडला इंटरप्ट जातो, आणि लॅचवर थांबलेलं तुमचं फंक्शन इंटरप्टेडएक्सेप्शन फेकून बाहेर पडतं. "डिस्पोज होऊनही मूल्य आलं" ही स्थिती तपासायची होती, तपासली गेली दुसरीच. त्यापेक्षा सोपा आणि दरवेळी तोच निकाल देणारा मार्ग असा: टेस्टऑब्झर्व्हर आधी बनवून ठेवा आणि फंक्शनच्या आतूनच, त्याच थ्रेडवर, त्याला डिस्पोज करा. पुढच्या ओळीत एका टेस्टमध्ये मूल्य परत करा, दुसरीत एक्सेप्शन फेका. थ्रेड नको, स्लीप नको, शर्यत नको.

एक्सेप्शनच्या टेस्टमध्ये दोन गोष्टी तपासायच्या. टेस्टऑब्झर्व्हरकडे काहीही पोचलेलं नसावं. आणि प्लगिनकडे बरोबर एक एरर, अनडिलिव्हरेबलएक्सेप्शनच्या वेष्टनात, आलेली असावी, आत मूळ एक्सेप्शन असावा. लायब्ररीच्या टेस्टहेल्परमध्ये ट्रॅकप्लगिनएरर्स नावाची मेथड यासाठीच आहे, ती आलेल्या एरर यादीत जमा करते. शेवटी फायनलीमध्ये आरएक्सजावाप्लगिन्सचं रीसेट बोलवायला विसरू नका. एरर हँडलर स्टॅटिक असतो. रीसेट राहिलं की एका टेस्टची एरर दुसरीच्या यादीत जाते आणि मग टेस्ट कधी पास, कधी नापास असा खेळ सुरू होतो. ज्या टेस्ट हँडलर बदलतात त्या एकाच प्रोसेसमध्ये समांतर चालवू नका, हेही त्याच कारणाने.

उलट बाजूही तपासा: डिस्पोज झालेलं नसताना आलेला एक्सेप्शन ऑनएररला जातो आणि प्लगिनची यादी रिकामी राहते. ही टेस्ट नसेल तर एरर दोन्हीकडे पाठवणारा कोड बिनबोभाट पास होतो.

पायरी ४: दुरुस्तीचा क्रम

सिंगलचा सांगाडा असा, आणि इथे क्रमच महत्त्वाचा:

१. नवा, रिकामा पण खरा डिस्पोजेबल बनवा. (दुसऱ्या मालिकेत डिस्पोजेबल्स या क्लासवरची एम्प्टी, तिसरीत डिस्पोजेबल या इंटरफेसवरच.)

२. तो ऑनसबस्क्राइबला द्या. याच्या आधी फंक्शनला हात लावायचा नाही. सबस्क्रिप्शनआधी कुठलाही सिग्नल जाऊ नये, हा रिॲक्टिव्ह स्ट्रीम्सच्या नियमांचा गाभा आहे.

३. डिस्पोज झालं असेल तर इथूनच परत.

४. ट्रायच्या आत फक्त फंक्शन चालवा आणि नल तपासा.

५. कॅचमध्ये सर्वात आधी थ्रोइफफेटल. ते व्हर्च्युअलमशीनएरर, थ्रेडडेथ आणि लिंकेजएरर जसेच्या तसे बाहेर फेकतं. मग डिस्पोज नसेल तर ऑनएरर, असेल तर प्लगिनकडे. आणि रिटर्न.

६. ट्रायच्या बाहेर: डिस्पोज नसेल तर ऑनसक्सेस.

सहावा मुद्दा ट्रायच्या बाहेर ठेवण्यामागे कारण आहे. ऑनसक्सेस आत घेतलं आणि खालच्या ऑब्झर्व्हरनेच एक्सेप्शन फेकला, तर तो आपल्याच कॅचमध्ये येतो आणि ज्याला ऑनसक्सेस मिळालं त्यालाच ऑनएररही मिळतो. सिंगलचा करार तिथेच मोडला. ही चूक हाताने लिहिलेल्या ऑपरेटर्समध्ये सर्रास दिसते.

तपासणी आणि ऑनएररची हाक यांच्यात एक फट राहतेच. नेमक्या त्या क्षणी दुसऱ्या थ्रेडने डिस्पोज केलं तर सिग्नल तरीही खाली पोचेल. ती बुजवायला कुलूप लावू नका. डिस्पोज हा "शक्य तितक्या लवकर थांब" असा निरोप आहे, त्याच क्षणी थांबण्याची हमी त्यात नाही.

सबस्क्राइबऑनसारख्या (स्रोत कोणत्या थ्रेडवर सुरू करायचा ते ठरवणाऱ्या) ऑपरेटरमध्ये डिस्पोजचा क्रमही याच्याशी जोडलेला आहे. आधी वरच्या स्रोताचा डिस्पोजेबल, मग थ्रेडवरचं काम. उलट केलं तर इंटरप्ट आधी पोचतो, फंक्शन इंटरप्टेडएक्सेप्शन फेकतं, आणि त्या वेळी खूण अजून "डिस्पोज नाही" अशीच असते. मग रद्द केलेल्या कामाची एरर वापरणाऱ्याच्या लॅम्डात जाऊन पडते.

मेबीमध्ये सहाव्या मुद्द्यात एक फाटा: मूल्य नल असेल तर ऑनकम्प्लीट, नाहीतर ऑनसक्सेस. कम्प्लीटेबलमध्ये मूल्य सोडून द्या. बाकी सांगाडा शब्दशः तोच.

ऑब्झर्व्हेबल आणि फ्लोएबल

ऑब्झर्व्हेबलमध्ये मूल्यानंतर ऑनकम्प्लीटही द्यावं लागतं, आणि या दोन सिग्नलांच्या मधे डिस्पोज होऊ शकतं. म्हणून तिथे डिफर्डस्केलरडिस्पोजेबल नावाचा आधारक्लास वापरतात. स्थिती तोच सांभाळतो. हाताने दोन इफ लिहिण्यात अर्थ नाही.

फ्लोएबलमध्ये बॅकप्रेशर येतं, म्हणजे खालच्याने मागितली तेवढीच मूल्यं द्यायची. खालच्याने अजून काही मागितलंच नसेल तर? फ्लोएबलचं फ्रॉमकॉलेबल मागणीची वाट न पाहता सबस्क्राइब होताच फंक्शन चालवतं. उत्तर डिफर्डस्केलरसबस्क्रिप्शनमध्ये थांबून राहतं आणि मागणी आली की जातं. "मागणी आल्यावरच फंक्शन चालवू" हा सुचलेला बदल ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण तसं केलं तर फंक्शन मागणी करणाऱ्याच्या थ्रेडवर चालेल, आणि सबस्क्राइबऑनने दिलेला थ्रेड निरर्थक होईल. कागदावर "फंक्शन कोणत्या थ्रेडवर चालतं" अशी एक ओळ वाढवा: पाचही ठिकाणी उत्तर सबस्क्राइब करणारा थ्रेड हेच हवं. शून्य मागणीची टेस्ट फक्त फ्लोएबलला लागेल: मागणी शून्य ठेवून सबस्क्राइब करा, मोजणी एक आणि मूल्यं शून्य, मग एक मागा, मूल्य एक आणि समाप्ती.

पायरी ५: मागचा दरवाजा

पाचही फाइली दुरुस्त झाल्या, टेस्ट हिरव्या, तरी काम संपलेलं नसतं. फ्रॉमकॉलेबलचे काही ऑपरेटर स्वतःच कॉलेबल (तिसऱ्या मालिकेत सप्लायर) हा इंटरफेस राबवतात. फ्लॅटमॅपसारखा (प्रत्येक मूल्यातून नवा स्रोत बनवून त्याची मूल्यं पुढे देणारा) ऑपरेटर आतल्या स्रोताला विचारतो, "तू सप्लायर आहेस का?" असेल तर सबस्क्राइब करण्याचा सगळा सोपस्कार टाळून थेट मूल्य काढून घेतो. वेगासाठी केलेली ही युक्ती आहे आणि ती चांगली आहे. पण सांगाड्यातली नल तपासणी या वाटेवर लागत नाही. थेट वाटेवर नलचा अर्थ "स्रोत रिकामा" असा धरला जातो. म्हणजे तोच ऑब्झर्व्हेबल एकटा सबस्क्राइब केला तर नलपॉइंटरएक्सेप्शन, आणि फ्लॅटमॅपच्या आत घातला तर गपचूप रिकामा. एकाच क्लासमध्ये दोन वागणुकी!

उपाय एका ओळीचा आहे: थेट मूल्य देणाऱ्या मेथडमध्येही नल तपासा. मेबीत मात्र तपासू नका, तिथे नल म्हणजे रिकामं हेच बरोबर. टेस्ट अशी: जस्टने एक मूल्य द्या, त्यावर फ्लॅटमॅप, आत नल देणारं फ्रॉमकॉलेबल. कन्कॅटमॅप आणि स्विचमॅपसाठीही हीच टेस्ट लिहा.

पायरी ६: नाव तेच, अर्थ वेगळा, तेव्हा

काही विसंगती आतल्या कोडने सुटत नाहीत, कारण खोट सिग्नेचरमध्येच असते. दुसऱ्या मालिकेतलं कम्प्लीटेबलचं ब्लॉकिंगगेट हे याचं सर्वात वाईट उदाहरण. निकाल येईपर्यंत थांबणारं सिंगलचं ब्लॉकिंगगेट एरर आली की ती फेकतं. कम्प्लीटेबलचं ब्लॉकिंगगेट ती एरर परत करायचं, रिटर्न व्हॅल्यू म्हणून! न पाहता पुढे गेलं की एरर हवेत विरली. तिसऱ्या मालिकेत (२०२०) ते काढूनच टाकलं, ब्लॉकिंगअवेट उरलं.

मेबीच्या फ्लॅटमॅपसिंगलचंही तसंच. दुसऱ्या मालिकेत ते सिंगल परत करायचं आणि मेबी रिकामी निघाली तर नोसचएलिमेंटएक्सेप्शन द्यायचं. मेबी परत करणारी शहाणी आवृत्ती फ्लॅटमॅपसिंगलएलिमेंट या लांबलचक नावाखाली शेजारी उभी होती. तिसरीत शहाण्या आवृत्तीला आखूड नाव मिळालं. जुनी वागणूक हवी असेल त्याने मागे टूसिंगल जोडायचं.

परताव्याचा प्रकार ठरवताना मात्र "पाचांत सारखा" हा आग्रह सोडा. ऑनएररकम्प्लीट तिसऱ्या मालिकेत सिंगललाही मिळालं, पण ते सिंगल परत करूच शकत नाही. एरर गिळून नुसतं संपायचं तर मूल्य कुठून आणणार? म्हणून ते मेबी परत करतं. उलट दिशेने मेबीचं डिफॉल्टइफएम्प्टी आता सिंगल देतं, कारण पर्यायी मूल्य दिल्यावर रिकामं राहण्याचा प्रश्नच उरत नाही. मेथड लावल्यानंतर किती मूल्यं येऊ शकतात ते मोजा आणि तेवढंच वचन देणारा सर्वात घट्ट क्लास निवडा.

पायरी ७: कोणत्या आवृत्तीत काय

करार मोडणारा कोड दुरुस्त करणं ही बग दुरुस्ती आहे, छोट्या आवृत्तीत जाऊ शकते. नाव किंवा परताव्याचा प्रकार बदलणं फक्त मोठ्या आवृत्तीत. मधल्या काळात जुन्या मेथडवर डेप्रिकेटेडची खूण आणि तिच्या डॉकमध्ये नव्या मेथडचं नाव. नुसतं "वापरू नका" लिहून कोणाचं भलं होत नाही.

यातला सर्वात बोचणारा बदल मात्र बग दुरुस्तीचाच असतो: गिळलेले एक्सेप्शन वर येऊ लागणं. प्लगिनला हँडलर दिलेला नसेल तर लायब्ररी स्टॅकट्रेस छापते आणि एक्सेप्शन थ्रेडच्या अनकॉट हँडलरकडे देते. साध्या जावा सर्व्हरवर लॉगमध्ये चार ओळी दिसतात. अँड्रॉइडवर ॲप बंद पडतं. म्हणून रिलीज नोटमध्ये हे पहिल्या ओळीत लिहा आणि पाचही क्लासची नावं घ्या. वापरणाऱ्यांसाठी सल्लाही द्या: ॲप सुरू होतानाच एरर हँडलर बसवा, त्यात वेष्टन असेल तर काढून आतला एक्सेप्शन बघा, इंटरप्टेडएक्सेप्शन आणि आयओएक्सेप्शन रद्द केलेल्या कामाचे म्हणून सोडा, पण नलपॉइंटर किंवा इल्लीगलस्टेट मात्र वर जाऊ द्या. सगळंच गिळणारा रिकामा हँडलर बसवला तर आपण ज्या गिळण्यापासून सुटका करून घेतली तेच पुन्हा दारात येतं. ज्यांना एरर पोचली की नाही ते स्वतः हाताळायचं आहे, त्यांनी क्रिएट वापरून एमिटरचं ट्रायऑनएरर बोलवावं; कोणी ऐकणारं नसेल तर ते फॉल्स देतं आणि प्लगिनकडे जात नाही.

डॉकमधला मजकूरही पाचही ठिकाणी तपासा. शेड्युलरची नोंद सगळीकडे हवी, बॅकप्रेशरची फक्त फ्लोएबलवर. "एरर हँडलिंग" हा परिच्छेद एकातून दुसऱ्यात चिकटवताना ऑब्झर्व्हर, सिंगलऑब्झर्व्हर, मेबीऑब्झर्व्हर ही नावं बदलायची राहतात, आणि वाचणारा गोंधळतो.

मग फ्रॉमकॉलेबलची भावंडं घ्या. फ्रॉमॲक्शन, फ्रॉमरनेबल आणि फ्रॉमसप्लायर यांना तोच कागद, त्याच टेस्ट, तोच सांगाडा चालतो. फ्रॉमफ्युचर मात्र त्या रांगेत बसवू नका. तिथे काम आधीच दुसऱ्या कोणीतरी सुरू केलेलं असतं, आणि डिस्पोज केल्यावर ते फ्युचर रद्द होत नाही, हे ठरवून केलेलं आहे. ज्याला रद्द व्हायला हवं त्याने डूऑनडिस्पोजमध्ये (फ्लोएबलवर डूऑनकॅन्सलमध्ये) फ्युचरचं कॅन्सल स्वतः बोलवायचं.